अकरा तोफांची परवानगी

दफ्तरखाना, नगरसभा
४ जानेवारी

आत्या, नमस्कार.

नावाड्याबरोबर पाठवलेली बाह्यांची लोकरीची बंडी पोचली. बाह्या चार बोटं लांब आहेत, म्हणजे तू मला अजून वाढत्या अंगाची समजतेस. पण या दफ्तरखान्यात इतकं गार असतं की लांब बाह्यांचे आपोआप हातमोजे होतात, तेव्हा तक्रार मागे घेते.

पूल वीस मार्चला उघडणार हे तुला माझ्याआधी कळलं असेल. त्याच्या कमानी तुझ्या कारखान्याच्या दारातूनच दिसतात. त्या निमित्ताने नगरसभेने शहराचे सगळे जुने कायदे नव्या वहीत उतरवायचं ठरवलंय. दफ्तरदारसाहेबांचं अक्षर मोत्यासारखं, पण त्यांचं नाक बारा महिने वाहतं आणि शाईवर थेंब पडतो, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात आलं. रीत अशी, की मी कायदा उतरवला की तो बाहेरच्या फळ्यावर लागतो. मुदतीत कोणी लेखी हरकत घेतली नाही तर तो जसाच्या तसा पुढे चालू.

आज 'बंदुकीचे बार व दारूकाम' हे प्रकरण आलं. आधी खूप हसले. छपरावरच्या कबुतरावर बंदूक झाडायची नाही. बांधलेल्या घोड्यापासून तीस पावलांच्या आत बार काढायचा नाही. भरलेली बंदूक रिकामी करायची म्हणून आकाशात उडवायची नाही, भिंतीत उडवायची नाही आणि नदीतही उडवायची नाही. मग त्या माणसाने ती मांडीवर घेऊन जन्मभर बसायचं का, हे कुठेच लिहिलेलं नाही. मी मोठ्याने वाचत होते आणि दफ्तरदार शिंकता शिंकता हसत होते.

मग नववं कलम आलं. जसं आहे तसं लिहिते. "दोरखंडाच्या गोदामास आग लावणारा जो दारूकामवाला, त्याने व त्याच्या वंशजांनी दारूचा कणही शहराच्या हद्दीत आणू नये. ही मनाई कायमची. तोफांची सलामी यातून वगळली आहे."

वंशज म्हणजे तू, बाबा आणि मी. आजोबांच्या त्या आगीमुळे आपल्याला शहरात धंदा करता येत नाही, एवढं मला माहीत होतं. पण ते असं शाईत बघितलं तेव्हा हात थांबला. आणि खरी गोम पुढेच आहे. पूल झाला की शहराची हद्द तुझ्या काठापर्यंत येणार. म्हणजे तुझा फटाक्यांचा कारखाना जागचा न हलता हद्दीत येईल आणि त्याच दिवशी त्याला टाळं लागेल.

हरकतीची मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी. ती त्याच धंद्यातल्या माणसाने घ्यावी लागते. बाबा पुस्तकं बांधतात, मी शाई सांडते, तेव्हा सही तुझीच हवी. कागद मी तयार करते. तू फक्त हो म्हण.

तुझी भाची


पलीकडचा काठ
९ जानेवारी

कागदकिडे,

बाह्या दुमडून घाल, कापू नकोस.

हरकत घ्यायची नाही. मी सही करणार नाही. कायदा आहे तसा उतरव, अक्षर चांगलं काढ आणि विषय सोड.

कारखान्याचं म्हणशील, तर आहे काय त्यात? चार भिंती आणि वर पत्रा. इथून दोन तासांच्या चालीवर एक पडीक वीटभट्टी आहे, तिथे बिऱ्हाड हलवीन. माझ्याकडच्या सहा बायकांपैकी ज्यांना जमेल त्या येतील. दोघींची मुलं अगदी लहान आहेत, त्यांना एवढं चालणं झेपणार नाही. त्यांचं काय करायचं ते मी बघेन. तुझा त्यात जीव गुंतवू नकोस.

तुझ्या आजोबांनी भर धक्क्यावर, सगळ्यांसमोर कबूल केलं होतं की गोदाम त्यांच्या दारूच्या बाणाने पेटलं. ज्याने कबूल केलं त्याच्या वतीने आता बेचाळीस वर्षांनी हरकत कसली घ्यायची? तुझ्या बाबाला, आमच्या धाकट्याला, सांग, मी बरी आहे, खोकला कमी आहे.

आत्या


दफ्तरखाना
१७ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दारूच्या पिंपाला टेकून वेणी घालणारी बाई नगरसभेच्या खुर्च्यांना घाबरेल, हे मला पटत नाही. मग उरलं एकच. तुला आजोबांची लाज वाटते. मला त्याचा राग आला आहे, आणि तो इथेच लिहून टाकते, म्हणजे पोटात राहणार नाही.

बाबांनाही विचारून पाहिलं. आगीच्या वेळी ते पाळण्यात होते. "त्या वाटेला जाऊ नकोस," एवढं म्हणाले आणि डिंकाच्या भांड्यात ब्रश फिरवत बसले. तुम्ही दोघं भावंडं आहात यात शंका नाही.

पण तूच मला कागदकिडा म्हणतेस, तेव्हा माझा इलाज नव्हता. परवानग्यांच्या वहीतलं त्या दिवसाचं पान शोधलं. नवे प्रांताधिकारी बोटीने येणार होते. त्यांच्यासाठी संध्याकाळी पाच वाजता धक्क्यावरून अकरा तोफांच्या सलामीची परवानगी, आणि सलामी संपल्यावर आजोबांच्या दारूकामाची. धक्का आणि गोदाम यांच्यात तेव्हा एक अरुंद गल्ली होती. दफ्तरदार सांगतात, सलामीच्या तोफेत गोळा नसतो, पण दारू घट्ट बसावी म्हणून तिच्यावर तागाच्या चिंध्या ठासतात आणि त्या जळतच बाहेर उडतात. जळत्या चिंध्या, आत्या, आणि गल्लीपलीकडे तागाच्या दोरांनी ठासून भरलेलं गोदाम. मग आग बाणानेच लागली हे कशावरून?

अजून एक विचारते. तुझ्याकडे भुईनळे होतात, चक्रं होतात, फुलबाज्या होतात, पाण्यावर तरंगणारी ती कमळं होतात. बाण का होत नाही? जमिनीवरून वर उठणारी एकही वस्तू तू करत नाहीस. लहानपणापासून बघतेय, विचारायचं धैर्य आज झालं.

तुझी भाची


पलीकडचा काठ
२ फेब्रुवारी

कागदकिडे,

उत्तराला पंधरा दिवस लागले. आधी तीन पत्रं लिहिली आणि पाण्यात भिजवून त्यांचा लगदा केला. आमच्याकडे कागद जाळत नाहीत.

मला अप्पांची लाज वाटते, असं तू लिहिलंस. समोर असतीस तर कान धरला असता. पण ती ओळ तशीच राहू दिली तर तू जन्मभर तेच धरून बसशील, म्हणून लिहिते.

तो बाण अप्पांनी सोडला नाही. मी सोडला.

मी नऊ वर्षांची होते. आम्ही गोदामाच्या मागच्या अंगाला, वाळूवर होतो. तिथून धक्का दिसत नाही. अप्पा थोडे पुढे चक्रांच्या चौकटी उभ्या करत होते. पहिला बाण मीच सोडणार, असा मी आठवडाभर धोशा लावला होता आणि अखेर ते हो म्हणाले होते. "तोफा थांबल्या की वात पेटव," म्हणाले, "त्या बोलत असताना आपण मध्ये बोलायचं नाही." तोफ तशी कानांनी ऐकावीच लागत नाही. ती पायांतून वर येते आणि छातीवर आपटते. मी बोटांवर मोजत होते. सात झाल्या आणि थांबल्या. जरा वाट बघितली आणि वात पेटवली. बाण वाकडा गेला, गोदामाच्या छपरावरून. मी त्याच्याकडे बघतेय तोवर छपराच्या पलीकडून धूर वर आला.

अप्पा धावत आले. माझ्या बोटांतली काडी त्यांनी काढून घेतली आणि स्वतःच्या हातात धरली. माणसं आली तेव्हा ती त्यांच्याच हातात होती. मला फक्त एवढं म्हणाले, "तू काही केलं नाहीस. तू इथे नव्हतीसच." माणूस कोणी दगावलं नाही, पण दोर वळणाऱ्या चाळीस घरांचं काम त्या संध्याकाळी राख झालं. महिन्याभरात तो कायदा झाला आणि आम्ही इकडे आलो. अप्पा परत कधी शहरात गेले नाहीत. या ओट्यावर बसून तिकडचे दिवे बघायचे. मरेपर्यंत त्या बाणाबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

बाण का होत नाही ते आता कळलं असेल. सही का नाही तेही. उद्या नगरसभेने विचारलं, बाण कोणी सोडला, तर काय सांगू? खोटं सांगितलं तर अप्पांवर दुसऱ्यांदा तेच घालायचं. खरं सांगितलं तर त्यांनी माझ्यासाठी जे सोसलं ते मातीत. मला दोन्ही जमणार नाही.

धाकट्याला यातलं काही माहीत नाही. तू सांगू नकोस.

आत्या


दफ्तरखाना
५ फेब्रुवारी

आत्या,

तुझ्या पत्राला नीट उत्तर नंतर लिहीन, ते दोन ओळींत मावणारं नाही. आधी दोनच गोष्टी सांग, फार विचार न करता. तोफा सातच झाल्या, हे नक्की? आणि तेव्हा तुझ्या कानांत काही होतं का?

नावाडी थांबलाय.

तुझी भाची


पलीकडचा काठ
७ फेब्रुवारी

सातच. डाव्या हाताची पाच बोटं आणि उजव्याची दोन. ती दोन बोटं अजून कधी कधी तशीच उघडी धरून बसते, बायका हसतात.

कानांत मेण लावलेला कापूस होता, माझ्याही आणि अप्पांच्याही. धूर दिसल्यावरच अप्पांनी तो उपटून काढला. आमच्या घरात कान बंद केल्याशिवाय कोणी काडीला हात लावत नाही, हे तुला सांगायला नको. मी इथे काळीज उघडं करते आणि तू वैद्यासारखे कान तपासतेस. नगरसभेत राहून माणूस असाच होतो का?

आत्या


दफ्तरखाना
१५ फेब्रुवारी

आत्या,

बसून वाच. पिंपावर नको, खुर्चीवर बस.

परवानगी अकरा तोफांची होती. तू सात मोजल्यास. मग बाकीच्या चार कुठे गेल्या?

तुझं पत्र वाचताना डोळ्यांत पाणी होतं तरी त्या आकड्याला मी अडखळले. आजोबांच्या लेकीचं मोजणं चुकणार नाही, आणि प्रांताधिकाऱ्यांची सलामी कोणी अर्ध्यावर सोडत नाही. आधी तोफा सांभाळणाऱ्या पहाऱ्याच्या कोठाराची यादी काढली. त्या संध्याकाळची नोंद आहे, "न उडवलेले चार बार परत जमा." का परत, ते लिहिलेलं नाही. मग मला जुनं घंटाघर आठवलं. ते पाडलं तेव्हा तिथल्या वह्या पोत्यांत भरून आमच्या जिन्याखाली टाकल्या होत्या. उंदरांखेरीज त्यांना कोणी हात लावलेला नव्हता. दफ्तरदार आणि मी तीन दिवस त्या जिन्याखाली बसलो. त्यांच्या शिंकांनी वरच्या मजल्यावरची सभा दोनदा थांबली. तिसऱ्या दिवशी वही सापडली.

घंटावाल्याने लिहिलंय, "पाच वाजून नऊ मिनिटे. दोरखंडाच्या गोदामावर धक्क्याच्या बाजूने धूर दिसला. आगीची घंटा केली. घंटा ऐकून धक्क्यावरील तोफा सातव्यानंतर थांबल्या."

पुन्हा वाच. तोफा संपल्या नव्हत्या. आग दिसली म्हणून थांबवल्या होत्या. आणि तू त्या थांबल्यानंतर वात पेटवलीस. तुझा बाण उडाला तेव्हा गोदाम पलीकडच्या अंगाने आधीच जळत होतं आणि घंटा वाजत होती. सगळ्या शहराने ती ऐकली. फक्त तुम्हा दोघांना ऐकू आली नाही, कारण तुमच्या कानांत कापूस होता.

म्हणजे आजोबांनाही खरं माहीत नव्हतं. त्यांनी वाकडा बाण बघितला, धूर बघितला, तुझ्या हातातली काडी बघितली आणि जे करायचं ते क्षणात केलं. कबुली हातात पडल्यावर चौकशी कशाला होते? ज्यांनी तोफा थांबवल्या त्यांना सगळं माहीत होतं, पण त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. उलट कायद्यात तेवढी तोफांची सलामी वगळून घेतली.

"तू काही केलं नाहीस," असं आजोबा तुला म्हणाले. त्यांना वाटलं आपण लेकीला वाचवायला खोटं बोलतोय. ते खरं होतं, आत्या. शब्दन् शब्द खरं होतं.

सोबत हरकतीचा कागद आहे. खुणेच्या जागी सही कर.

तुझी भाची


पलीकडचा काठ
२० फेब्रुवारी

कागदकिडे,

पत्र वाचलं, बायकांना घरी पाठवलं आणि वाळूवर जाऊन बसले. खूप रडले. आधी हलकं वाटलं म्हणून, आणि मग अप्पांसाठी. तो माणूस या ओट्यावर वीस वर्षं बसून होता, एका न घडलेल्या गोष्टीसाठी. एकदा, फक्त एकदा आम्ही दोघं त्याबद्दल बोललो असतो, तर कोणी तरी म्हटलं असतं, अकरा होत्या ना, सातच कशा झाल्या? पण ते मला जपत राहिले आणि मी त्यांना. मला त्यांचा राग येतोय आणि त्यांना घट्ट धरावंसंही वाटतंय, आणि दोन्हीला ते नाहीत.

सही केली आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घ्या.

सभेला मी येत नाही. दारूचा कणही आणायचा नाही असा तुमचा कायदा, आणि माझ्या नखांत, केसांत, हाताच्या रेघांत दारू आहे. मी उंबऱ्यावर पाय ठेवला की त्यावरूनच मला धरतील आणि हरकत फेकून देतील. मला तेवढीही फट त्यांना द्यायची नाही. माझ्या वतीने तू बोल. बाण कोणी सोडला ते विचारलं, तर नाव सांग. आता मला लपायचं नाही.

धाकट्याला सगळं सांग. त्याला माझं पत्र वाचायला दे.

आत्या


दफ्तरखाना
३ मार्च

आत्या,

जिंकलो.

आता सविस्तर. बाबांना तुझं पत्र दिलं होतं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि दिवसभर दुकान बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी घंटाघराची ती कुरतडलेली वही मागून घेतली, पानं सांधली आणि तिला कातडी पुठ्ठा चढवला. म्हणाले, सभेत फाटक्या वहीचं कोणी ऐकत नाही. सभेत ती वही त्यांनीच दोन्ही हातांनी धरून नेली. त्यांचा हा हट्ट मी पहिल्यांदाच बघत होते.

सभागृह गच्च भरलं होतं. मी नोंदी वाचल्या. बाण कोणी सोडला हे कोणी विचारायच्या आधीच मी सांगितलं, आणि केव्हा सोडला तेही. मग पहाऱ्याचे प्रमुख उठले. चांगले मिशीवाले गृहस्थ आहेत, पण तोफखान्यावर शिंतोडा उडालेला त्यांना खपत नाही. म्हणाले, घंटावाल्याची वही म्हणजे घंटावाल्याची वही, त्याला वरून काय दिसणार? चार बार दमट निघाले असतील म्हणून परत केले असतील. कोणी तरी मागून हसलं. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. दमट नव्हते हे सिद्ध करणारा कागद माझ्याकडे नव्हता.

पण दफ्तरदारांनी आदल्या आठवड्यात एक उद्योग करून ठेवला होता आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. त्यांच्या मागच्या गल्लीत तोफेवरचा एक म्हातारा गोलंदाज राहतो. त्या दिवशी धक्क्यावर बत्ती त्याच्याच हातात होती. दोन्ही कानांनी ठार बहिरा. दफ्तरदारांनी त्याला पहिल्या बाकावर बसवून ठेवलं होतं. ते पुढे गेले, पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "त्या दिवशी किती?" आणि पाटी त्याच्यासमोर धरली.

म्हातारा उठला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे सगळं सभागृह दणाणलं.

"सात," तो म्हणाला. "आठवीला बत्ती नेली, तेवढ्यात घंटा झाली. सहावीची चिंधी गोदामाच्या माळ्यात गेलेली मी डोळ्यांनी बघितली. साहेब म्हणाले, थांब, आणि तोंड बंद ठेव. मी थांबलो. बेचाळीस वर्षं थांबलोय."

पहाऱ्याचे प्रमुख खाली बसले. त्यानंतर हरकतीवर हात वर झाले, आणि मी मोजायचं सोडून दिलं, कारण खाली कोणाचाच हात नव्हता. नववं कलम रद्द. त्याच्या जागी नवं असं, की दारूकामवाल्याला तोफखान्याइतक्याच अटी आणि तोफखान्याला दारूकामवाल्याइतक्याच. सलामीच्या तोफेत यापुढे ओली माती ठासायची, चिंध्या नाहीत. जुन्या कलमावर लाल शाईची रेघ मी मारली. दफ्तरदारांनी पट्टी धरली होती, रेघ अगदी सरळ आली आहे.

बाहेर पडताना तो गोलंदाज बाबांना शोधत आला आणि त्यांचा हात सोडेचना.

आता शेवटचं. वीस तारखेला संध्याकाळी पुलावर अकरा तोफांची सलामी आहे. ती झाल्यावर दारूकाम व्हावं असा ठराव झालाय. अर्ज करण्याचा मान तुझा.

तुझी भाची


पलीकडचा काठ
१० मार्च

कागदकिडे,

अर्ज सोबत. बायकांनी तुझं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि गोलंदाजाच्या जागी दोन्ही वेळा मीच ओरडले. कारखान्यात असा गोंधळ मी कधी चालू दिला नव्हता. त्या दिवशी दिला.

काल बाण केला. वाटलं होतं, विसरले असेन. पण नळी हातात घेतली आणि बोटं आपोआप चालायला लागली, दारू किती दाबायची, काठी किती लांब, वात कुठे दुमडायची. अप्पा माझ्या हातांत इतकी वर्षं गप्प बसून होते. काठी सरळ आहे की नाही ते तीनदा बघितलं. चौथ्यांदा धाकट्याकडून बघून घेणार आहे. त्याला म्हणावं, काठी धरायला येत असशील तर ये, पण डिंकाचे हात धुऊन.

भुईनळे, चक्रं, कमळं सगळं होईल. पण पहिला बाण.

आत्या


दफ्तरखाना
२१ मार्च

आत्या,

काल तुझ्याभोवती एवढी गर्दी होती की दोन शब्द बोलता आले नाहीत. दोर वळणाऱ्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका तुझे हात धरून उभ्या होत्या, मी लांबूनच बघितलं. आज शहरात दुसरा विषय नाही. पहाऱ्याच्या प्रमुखांनी सकाळी येऊन दफ्तरदारांना सांगितलं की कमळं नदीभर पसरली तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत काही तरी गेलं. दफ्तरदार म्हणाले, सर्दी असेल.

पण एक राहिलंच. अकरावी तोफ झाली आणि तू काडी हातात घेऊन नुसती उभी राहिलीस. किती तरी वेळ. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, बार फुसका निघाला वाटतं. बाबा काठी धरून होते, तेही घाबरले होते. काय झालं होतं तुला?

तुझी भाची


पुलापासून तिसरं घर, शहराच्या हद्दीत
२३ मार्च

कागदकिडे,

वरचा पत्ता वाचलास का? मी पाच वेळा लिहून बघितला.

घाबरले नव्हते. त्या दिवशी मी कानांत कापूस घातला नव्हता. धाकट्याच्या कानांत कोंबला, बायकांच्या कोंबला, माझे मात्र उघडे ठेवले. घरची रीत मोडली, अप्पा रागावले असते. तोफा छातीवर आपटल्या आणि कानांतही शिरल्या. बोटांवर मोजल्या. सातवीला ती दोन बोटं उघडली. मग आठवी झाली. मग नववी, दहावी, अकरावी.

त्यानंतर मी ऐकत उभी राहिले. कान आधी नुसते गुणगुणत होते, ते शांत होईपर्यंत थांबले. खाली पाणी वाहत होतं. कोणाचं तरी मूल खोकलं. तुझ्या शेजारचा तो माणूस काय म्हणाला, तेसुद्धा मला ऐकू आलं. पुलाच्या टोकाला नवं घंटाघर आहे ना, मी त्याच्याकडे कान लावला होता. घंटा वाजत नव्हती.

मग काडी लावली. बाण सरळ गेला.

आत्या